उलट्यांवर गांजाची गमी: दहाव्या आठवड्यातल्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, पहिलेच गर्भारपण आहे आणि दहावा आठवडा चालू आहे. झोप लागत नाही म्हणून वर्षभर तुम्ही रोज रात्री १० मिलिग्रॅमची गांजाची एक गमी (चघळून खायची गोड गोळी) घेत होता. सहाव्या आठवड्यात दिवस गेल्याचे कळले तेव्हा ती बंद करायचे ठरवले होते, पण त्याच सुमारास उलट्या सुरू झाल्या आणि गमीने पोट शांत होते असे वाटल्यामुळे ती चालूच राहिली. दुकानातल्या विक्रेत्याने ‘वनस्पतीच आहे, बऱ्याच गर्भवती घेतात’ असे सांगितले. डॉक्टरांना तुम्ही यातले काही सांगितलेले नाही. बाळाला अपाय झाला असेल का, थोड्या प्रमाणात चालू ठेवता येईल का आणि पुढे अंगावर पाजता येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी कॅलिफोर्नियातच नवजात शिशुतज्ज्ञ म्हणून काम करतो, म्हणजे ही बाळे जन्मल्यानंतर माझ्या हाती येतात. तुमच्या प्रश्नांची थेट उत्तरे अशी: आतापर्यंत जे घेतले गेले त्याने बाळाचे मोठे नुकसान झाले असेल असे मानायला आज सबळ आधार नाही, थोड्या प्रमाणातही पुढे चालू ठेवू नये, आणि आता बंद केलेत तर अंगावर पाजण्याला या कारणाने काहीही अडचण येणार नाही. मात्र तुमचे पत्र वाचताना मला खरी अडचण गमीपेक्षा वेगळी दिसते. तुमच्या उलट्यांवर आणि निद्रानाशावर गेल्या महिनाभरात कोणीही उपचार केलेले नाहीत, आणि ते झाले नाहीत याचे कारण तुम्ही डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवून ठेवली आहे. हे दोन्ही सुटले तर गमी सोडणे तुम्हाला आज वाटते तितके अवघड जाणार नाही.

आधी झालेल्या गोष्टीबद्दल, कारण रात्री तुम्हाला तीच छळत असणार. २०२३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या आठ केंद्रांवर पहिलटकरणींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९२५७ स्त्रियांच्या लघवीचे गोठवून ठेवलेले नमुने तपासले होते, त्यामुळे ‘घेता का’ या प्रश्नाला कोणी काय उत्तर दिले यावर संशोधकांना विसंबून राहावे लागले नाही. वाढ खुंटलेले बाळ, गर्भारपणातला रक्तदाब, वैद्यकीय कारणासाठी दिवस भरण्याआधी करावी लागलेली प्रसूती आणि मृत जन्म यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण गांजा घेतलेल्यांत शेकडा २५.९ आणि न घेतलेल्यांत शेकडा १७.४ होते. पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे: ज्यांच्या नमुन्यांत गांजा फक्त पहिल्या तिमाहीत सापडला त्यांच्यात असा वाढीव धोका स्पष्टपणे दिसला नाही, तर ज्यांनी तो पुढे चालू ठेवला त्यांच्यात दिसला. उत्तर कॅलिफोर्नियातल्या पावणेदोन लाखांहून अधिक जन्मांच्या २०२४मधल्या अभ्यासातही गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळातला गांजा आणि मुलांमधली स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. यावरून पहिली तिमाही पूर्णपणे निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. पण दहाव्या आठवड्यात गर्भाचे वजन जेमतेम काही ग्रॅम असते, वाढीचा जवळजवळ सगळा काळ अजून पुढे आहे, आणि म्हणून आज थांबण्याला खराखुरा अर्थ आहे.

‘वनस्पतीच आहे’ या युक्तिवादाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे तो जास्तच पटतो. महाशिवरात्रीची भांग, आजीबाईचा बटवा आणि आयुर्वेदातले उल्लेख यांच्या आठवणीमुळे गांजा आपल्याला औषधाच्या पंक्तीत बसल्यासारखा वाटतो. पण गर्भावर होणारा परिणाम पदार्थ कुठून आला यावर ठरत नाही, तो शरीरात काय करतो यावर ठरतो. गांजातला मुख्य नशाकारक घटक टीएचसी हा चरबीत सहज विरघळतो, वार ओलांडून बाळाच्या रक्तात जातो आणि चरबीत साठून राहून हळूहळू बाहेर पडतो; रोज घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरातून तो पूर्ण जायला काही आठवडे लागू शकतात. आपल्या मेंदूत स्वतःची अशी एक रसायनव्यवस्था असते आणि तिचे ग्राहक, म्हणजे रसायनांचे संदेश टिपणारे पेशींवरचे भाग, टीएचसीला प्रतिसाद देतात. प्रौढ माणसात ती भूक, वेदना, झोप यांचे नियमन करते. गर्भात मात्र मेंदूतल्या पेशींनी कुठे जायचे आणि कोणाशी जोडले जायचे हे ठरवण्यात तिचा वाटा असतो. बांधकाम चालू असलेल्या घरात रोज रात्री कोणीतरी आराखड्यावर चार रेघा ओढून जावे, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक रेघेने भिंत वाकडी होईलच असे नाही, पण कोणती रेघ कुठे पडेल हे आपल्या हातात नसते.

गमीत धूर नसतो म्हणून ती सुरक्षित, असेही अनेकजणी समजतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड टळतो हे खरे आहे आणि तो फायदा मी नाकारत नाही. परंतु टीएचसी तोंडाने घेतला तरी बाळापर्यंत पोहोचतोच. ओरेगॉनमधल्या राष्ट्रीय प्रायमेट संशोधन केंद्रात गाभण माकडिणींना रोज खाण्यातून टीएचसी दिला, तेव्हा वारेतला रक्तप्रवाह आणि गर्भाला मिळणारा प्राणवायू कमी झालेला दिसला. हे काम २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवरचे बहुतेक अभ्यास ओढल्या जाणाऱ्या गांजाचे आहेत, आणि त्यांतले सर्वांत जुने, उदाहरणार्थ १९७८मध्ये कॅनडातल्या ओटावात सुरू झालेला, आजच्या तुलनेत खूपच सौम्य गांजाच्या काळातले आहेत. त्यामुळे ‘जुन्या अभ्यासांत फार काही निघाले नाही’ या वाक्याचा आधार आजच्या उत्पादनांसाठी घेता येत नाही.

आता या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? गांजा घेणाऱ्या अनेकजणी तंबाखूही ओढतात, काहींचे खाणेपिणे बेताचे असते, काहींना नैराश्य असते, आणि या प्रत्येक गोष्टीने बाळाचे वजन कमी होऊ शकते. २०१६मध्ये दोन मोठी एकत्रित विश्लेषणे प्रसिद्ध झाली. एकात गांजा घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०९ ग्रॅमने कमी आणि अतिदक्षता विभागात जाण्याचे प्रमाण जास्त आढळले; दुसऱ्यात तंबाखू व इतर घटक वजा केल्यावर कमी वजनाशी आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी असलेला संबंध मावळला. पुढे २०१९मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या ६ लाख ६१ हजार ६१७ स्त्रियांच्या नोंदींवरून, शक्य तितक्या सारख्या परिस्थितीतल्या स्त्रियांच्या जोड्या लावून तुलना केली, तेव्हा ३७ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचे प्रमाण गांजा घेणाऱ्यांत शेकडा १०.२ आणि न घेणाऱ्यांत शेकडा ७.२ निघाले. तुम्ही तंबाखू ओढत नाही, तुमचे वय आणि आरोग्य चांगले आहे, तेव्हा तुमचा मूळ धोका या सरासरीहून कमीच असावा. तरीही माझे मत ठाम आहे. ज्या पदार्थाचा गर्भारपणात एकही सिद्ध झालेला लाभ नाही आणि ज्याला पर्यायी औषधे उपलब्ध आहेत, त्याच्यासाठी शंभरात तीन हा फरकही मला मोठा वाटतो. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा आणि बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्लाही गर्भारपणात व अंगावर पाजताना गांजा टाळावा असाच आहे.

‘थोडे कमी वजन’ हे शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतात, म्हणून आमच्या विभागात त्यांचा अर्थ काय होतो ते सांगतो. समजा, सदतिसाव्या आठवड्यात २१०० ग्रॅमचे बाळ जन्मले. त्याच्या अंगावर चरबी नसल्याने ते लवकर गार पडते, म्हणून त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर उबेच्या पेटीत हलवतो. यकृतात साखरेचा साठा कमी असल्याने पहिला दिवसभर प्रत्येक पाजण्याआधी त्याच्या टाचेला सुई टोचून रक्तातली साखर पाहावी लागते. ती खाली गेली की बाळाचे हातपाय थरथरतात, मग गालाच्या आतून साखरेची जेल चोळतो, पाजतो आणि पुन्हा टोचतो. ओढण्याची ताकद कमी म्हणून ते चार घोट घेऊन झोपी जाते, आणि दूध उतरावे म्हणून आई दर तीन तासांनी पंप लावून बसते. बहुतेक बाळे यातून सुखरूप बाहेर पडतात. पण आईचे पहिले आठ दिवस कसे जातात हे मी जवळून पाहतो, आणि टाळता येण्याजोग्या कारणाने ते कोणाच्या वाट्याला येऊ नयेत असे मला मनापासून वाटते. गांजा घेतलेल्या मातांच्या काही नवजातांत दचकणे, थरथर आणि झोपेत बदल यांचीही वर्णने आहेत. अफूजन्य पदार्थांमुळे बाळांना होतो तसा तीव्र त्रास मात्र गांजामुळे सहसा होत नाही, ती भीती मनातून काढून टाका.

पुढच्या आयुष्याबद्दल मी सावधपणे बोलतो. ओटावा आणि पिट्सबर्गमध्ये वर्षानुवर्षे पाहिलेल्या मुलांत लक्ष एकाग्र करणे आणि नियोजन करणे यांसारख्या बाबतींत फरक नोंदले गेले. परंतु मुलाच्या जडणघडणीत घर, शाळा आणि आईवडिलांचे आरोग्य यांचा वाटा इतका मोठा असतो की एका घटकाकडे बोट दाखवणे धाडसाचे ठरते. स्वमग्नतेबाबत ओंटारियोच्या नोंदींवरच्या २०२०मधल्या अभ्यासात संबंध दिसला होता आणि वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात तो दिसला नाही.

आता उलट्यांकडे येतो. ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना सांगा की गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ १५ नावाच्या संप्रेरकाचा या उलट्यांमध्ये मोठा हात आहे, हे २०२३मध्ये स्पष्ट झाले आहे. बहुतेकींच्या उलट्या नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतात आणि पुढे उतरत जातात, म्हणजे तुम्ही आत्ता चढाच्या माथ्यावर आहात. यावर पहिले औषध म्हणून डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व बी ६, यांचे मिश्रण दिले जाते. भारतात ते कित्येक वर्षे मिळते आहे आणि तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या डॉक्टरांनीही ते लिहून दिले असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत हे मिश्रण १९८३मध्ये खटल्यांच्या ओझ्यामुळे उत्पादकाने बाजारातून काढून घेतले होते. त्यानंतर झालेल्या तपासणीत त्याने बाळात व्यंग होते असे सिद्ध झाले नाही आणि २०१३मध्ये येथील अन्न व औषध प्रशासनाने त्याला पुन्हा मान्यता दिली. गर्भारपणातल्या क्वचितच एखाद्या औषधाची इतकी कसून पारख झाली असेल. शिवाय डॉक्सिलामिनने गुंगी येते, म्हणून त्याची मुख्य मात्रा रात्री देतात. ज्या दोन गोष्टींसाठी तुम्ही गमी घेता, त्या दोन्हींना हे एकच औषध उपयोगी पडू शकते. मात्रा तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनी ठरवायची आहे, आणि त्याने भागले नाही तर त्यांच्याकडे पुढची औषधेही आहेत. सोबत सकाळी उठण्याआधी कोरडे काही खाणे, पोट रिकामे न ठेवणे, आले किंवा सुंठ घेणे आणि लोहाची गोळी सोसत नसेल तर ती काही दिवस थांबवता येईल का हे विचारणे, एवढे जरूर करा. चोवीस तास पाणीही पोटात राहत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, उभे राहिल्यावर भोवळ येत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा गर्भारपणाआधीच्या वजनाच्या शेकडा ५हून अधिक वजन घटले असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

एक प्रश्न मी तुम्हाला विचारू इच्छितो, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांनाही सांगा: गरम पाण्याच्या शॉवरखाली उभे राहिल्यावर तुमच्या उलट्या थांबतात का? दीर्घकाळ नियमित गांजा घेणाऱ्या काहींना त्या गांजामुळेच पुन्हा पुन्हा उलट्यांचे झटके येतात. २००४मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचे पहिले वर्णन केले. अशा रुग्णांना कढत पाण्याने तात्पुरता आराम पडतो, म्हणून त्या दिवसातून अनेक वेळा तासन् तास आंघोळ करतात. हात सुरकुतलेले, पाठ लालबुंद, आणि बाहेर आल्या की पुन्हा ओकारी. गर्भारपणात हा प्रकार नेहमीच्या उलट्यांखाली सहज झाकला जातो, रुग्ण आणखी गांजा घेते आणि आजार वाढत जातो. तुमची मात्रा कमी असल्याने ही शक्यता मला कमीच वाटते, पण तसे असेल तर गांजा थांबवणे हाच त्यावरचा उपचार आहे.

वर्षभर रोज घेतलेली गमी बंद केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी आणि विचित्र स्वप्ने सुरू होतील, भूक मंदावेल, कदाचित मळमळही थोडी वाढेल. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत निवळतो. अनेकजणी याच टप्प्यावर ‘गमीवाचून माझे चालतच नाही’ असा निष्कर्ष काढून पुन्हा सुरू करतात. म्हणून औषध हाती आल्यावर, पतीला विश्वासात घेऊन, घरातली उरलेली पाकिटे टाकून मगच थांबा. मात्र त्या तयारीत आठवडे घालवू नका. पतीही घेत असतील तर निदान घरात कोणी ओढू नये. टीएचसीऐवजी सीबीडी, म्हणजे गांजातलाच नशा न आणणारा घटक, घेण्याचा पर्याय कोणी सुचवेल, पण तोही गर्भारपणात घेऊ नये असेच येथील अन्न व औषध प्रशासन सांगते.

विक्रेत्याच्या सल्ल्याला किती वजन द्यायचे, हे कोलोरॅडोतल्या एका अभ्यासावरून ठरवा. संशोधकांनी आठ आठवड्यांची गर्भवती असल्याचे सांगून ४०० परवानाधारक दुकानांना फोन केले आणि मळमळीवर काय घ्यावे असे विचारले, तेव्हा शेकडा ६९ दुकानांनी गांजाची उत्पादने सुचवली. हे २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी २०२०मध्ये टीएचसी आणि गांजाचा धूर यांना गर्भाच्या वाढीला घातक पदार्थांच्या यादीत घातले आहे. विक्रेता माणूस म्हणून वाईट असेल असे नव्हे, पण तुमच्या बाळंतपणाची जबाबदारी त्याच्यावर नाही.

डॉक्टरांना सांगण्याची तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण यात राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार प्रसूतीच्या वेळी केवळ तपासणीत अमली पदार्थ आढळला, एवढ्यावरून बालछळाची तक्रार होऊ शकत नाही. बाळाच्या सुरक्षिततेबद्दल इतर कारणे असावी लागतात. काही राज्यांत नियम कडक आहेत, म्हणून दुसरीकडे राहणाऱ्या वाचकांनी माझे हे वाक्य स्वतःला लावू नये. बाळाची पहिली काळपट हिरवी शी गर्भारपणाच्या उत्तरार्धात साठत गेलेली असते आणि तिच्या तपासणीत त्या काळातले सेवन दिसू शकते. आत्ता थांबलात तर हा विषय बहुधा तिथे पोहोचणारच नाही. तुम्ही व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. राज्यात कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात गांजा अजून बेकायदा आहे आणि नागरिकत्वाच्या अर्जात तो अडथळा ठरू शकतो, असे स्थलांतर विभागाने एप्रिल २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. अशा अर्जाआधी वकिलाचा सल्ला घ्या. पण ती काळजी डॉक्टरांच्या खोलीत नेऊ नका. तिथे एवढेच सांगा: ‘झोपेसाठी मी रोज १० मिलिग्रॅम टीएचसी घेत होते, उलट्यांमुळे अजून घेते आहे, मला ते थांबवायचे आहे आणि त्याऐवजी औषध हवे आहे.’ या एका वाक्यातून त्यांना हवी असलेली सगळी माहिती मिळते, आणि तुमचा हेतूही कळतो.

अंगावर पाजण्याबद्दल: टीएचसी आईच्या दुधात उतरतो. २०१८च्या एका अभ्यासात शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत आणि कोलोरॅडोतल्या २०२१च्या अभ्यासात नियमित घेणाऱ्या मातांनी सोडल्यावर सहा आठवडे उलटले तरी तो दुधात सापडला. म्हणून ‘एकदा घेतले, मग पंप करून दूध फेकून दिले’ ही युक्ती इथे चालत नाही. तुम्ही आज थांबलात तर प्रसूतीला जवळजवळ सात महिने उरतात आणि हा प्रश्नच उरत नाही. अडचणीचा काळ त्यानंतर येईल, बाळंतपणाच्या पहिल्या महिन्यात, जेव्हा झोप तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि जुनी सवय आठवते. गमी घेऊन गाढ झोपलेल्या आईशेजारी तान्हे बाळ झोपवणे जिवावर बेतू शकते, तेव्हा त्या दिवसांची सोय आताच करून ठेवा: बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई येणार असतील तर रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर त्यांच्याकडे सोपवा, बाळाचा पाळणा वेगळा पण तुमच्याच खोलीत ठेवा, आणि दोन आठवड्यांनंतरही बाळ झोपलेले असताना तुम्हाला झोप येत नसेल किंवा सतत रडू येत असेल तर त्याच प्रसूतितज्ज्ञांना फोन करा, कारण बाळंतिणीच्या नैराश्यावर अंगावर पाजताना चालणारी औषधे आहेत.